ताटावरचा सुदस्सन

कोसलचा राजा पसेनदी एका बैठकीत द्रोणभर भात खाई. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. संयुत्त निकायात ही हकीकत आहे. बुद्धांनी त्याला उपवास सांगितला नाही. सावध राहून जेवणारा, प्रमाण ओळखणारा माणूस कमी दुखणी भोगतो, सावकाश म्हातारा होतो, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली. रोज जेवताना ती ऐकवायची, मोबदला शंभर कार्षापण. हळूहळू आहार एका नाळीवर आला, राजाचे अंग हलके झाले.

आपल्या आजा-पणज्यांनी अर्धपोटी दिवस काढले. भरलेले ताट ही आपली कमाई आहे, त्याची लाज नको. पण भूक ही शरीराची गरज. पोट भरल्यावरही मागत राहते ती तृष्णा. मधुमेह, रक्तदाब तिच्याच वाटेने घरात शिरतात.

पोट भरल्याची जाणीव मेंदूला व्हायला सुमारे 20 मिनिटे लागतात. म्हणून सावकाश चावून खा, दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी थांबा. चहातली साखर अर्ध्या अर्ध्या चमच्याने कमी करा. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा. पापड, लोणचे, फरसाणही त्यात मोजा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम उतरू शकते.

आणि घरात एक सुदस्सन नेमा. लेक किंवा नात ‘बाबा, आता पुरे’ म्हणाली, तर तिच्यावर डोळे वटारू नका.