रॅकेटच्या पोटात (११) : उभी मऊ, आडवी निसरडी

ग्रिपच्या जाडीवर आज लिहीन असं मागच्या आठवड्यात म्हटलं होतं. ते राहू द्या. नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून ग्रिपमध्ये मन लागेना.

गृहस्थ चाळिशी ओलांडलेले आहेत. रोज सकाळी खेळतात, फोरहँडला भरपूर टॉपस्पिन मारायला आवडतो. नदाल ५५ पाउंडांवर पूर्ण पॉलीचं, म्हणजे पॉलिएस्टर स्ट्रिंगचं, गटिंग करायचा असं कुठेतरी वाचलं, म्हणून यांनीही तेच करून घेतलं. आता भरलेला तांब्या उचलतानाही कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. डॉक्टर म्हणतात, खेळ थांबवा. क्लबातले मित्र म्हणतात, हायब्रिड कर. उभ्या पॉली ठेव, आडव्या मल्टिफिलामेंट घाल. ‘स्पिन न सोडता कोपर वाचवता येईल का?’ हा त्यांचा प्रश्न.

डॉक्टरांचं आधी ऐका. दुखतंय तोवर कोणतीही स्ट्रिंग औषध नाही. टेनिस एल्बो हे दुखणं किती चिवट असतं ते २००४-०५ मध्ये सचिनच्या कोपरामुळे अख्ख्या महाराष्ट्राला तोंडपाठ झालं होतं. शेवटी लंडनला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली. आणि त्याच्या हातात तर टेनिसची रॅकेटही नव्हती.

पण कोपर बरं झाल्यावर काय? माझं उत्तर : हायब्रिड जरूर करा, फक्त मित्रांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलटं करा. मऊ उभी, पॉली आडवी.

याचं कारण समजायला स्पिन नेमका येतो कुठून, हे बघावं लागेल. बहुतेकांची समजूत अशी की खरबरीत किंवा कंगोऱ्यांची स्ट्रिंग चेंडूची लव पकडते आणि त्याला फिरवते. थोडंसं तसं होतंही. मोठं काम मात्र वेगळंच आहे. खालून वर जाणारा फटका बसला की चेंडू उभ्या स्ट्रिंग्जना बाजूला ढकलतो. सतारीवर मींड घेताना तार पडद्यावरून आडवी ओढतात, तशीच. ओढलेली तार जागेवर परत उसळते. चेंडू जाळीवर असतो जेमतेम सेकंदाचा दोनशेवा भाग, आणि तेवढ्यात ती परतली तर जाता जाता चेंडूला आणखी एक फिरकी देऊन जाते. परत यायला उशीर झाला, किंवा आडव्या स्ट्रिंगला घासून ती मध्येच अडकली, तर ही जादाची फिरकी बुडाली. म्हणजे मुद्दा खरबरीतपणाचा नाही, घसरण्याचा आहे. जपानचे संशोधक योशिहिको कावाझोए यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे सरकणं आणि परतणं टिपलं. स्ट्रिंग्जना वंगण लावलं की स्पिन वाढतो, हेही त्यांनी दाखवलं. वंगणानं स्पिन वाढतो म्हटल्यावर खरबरीतपणाचा युक्तिवाद बराचसा तिथेच संपतो.

खरं तर ही गोष्ट कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी कोर्टवर सिद्ध झाली होती. हे प्रकरण मला इतकं आवडतं की ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९७७ साल. वेर्नर फिशर नावाच्या जर्मन माणसानं बनवलेली एक विचित्र रॅकेट कोर्टवर आली. उभ्या स्ट्रिंग्जचे दोन थर, त्यांच्या मध्ये मोजक्या आडव्या, आणि गुंफण अजिबात नाही. वर प्लॅस्टिकच्या नळ्या. उभ्या स्ट्रिंग्जना अडवणारं काहीच नसल्यामुळे त्या वाटेल तितक्या सरकायच्या आणि झटक्यात परतायच्या. लोकांनी तिला ‘स्पॅगेटी रॅकेट’ म्हणायला सुरुवात केली. त्या वर्षी यूएस ओपनमध्ये माइक फिशबाक या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या अमेरिकन खेळाडूनं असल्या रॅकेटनं चक्क स्टॅन स्मिथला हरवलं. पुढे पॅरिसमध्ये इली नस्तासे जॉर्ज गोवेनकडून हरला. गोवेनच्या हातात हीच रॅकेट. नस्तासे भडकला. आणि मग त्यानं नस्तासेला शोभेल असंच केलं : पुढच्याच स्पर्धेला स्वतः ती रॅकेट घेऊन उतरला. एक्स-आं-प्रोव्हांसच्या अंतिम सामन्यात समोर होता गिलेर्मो व्हिलास. त्याच वर्षी फ्रेंच आणि यूएस ओपन जिंकलेला, सलग ४६ सामने न हरलेला. दोन सेट गमावल्यावर व्हिलासनं सामना सोडून दिला. चेंडू कुठे पडेल आणि पडल्यावर कुठे उडेल, काहीच अंदाज लागेना.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं रॅकेटवर आधी तात्पुरती बंदी घातली, १९७८ मध्ये नियमच केला. जाळी सपाट हवी, आणि उभ्या-आडव्या स्ट्रिंग्ज एकमेकींत गुंफलेल्या किंवा छेदतात तिथे जोडलेल्या हव्यात. म्हणजे मोकळं सरकणं बंद. पुढची वीस वर्षं ते बंद होतंही. मग पॉली आली आणि गुंफण शाबूत ठेवून, नियमाच्या चौकटीत, सरकणं परत आलं. पॉलीचा पृष्ठभाग इतका निसरडा असतो की घट्ट विणूनही ती सरकते. टॉपस्पिनवाल्यांना तिचं जे वेड आहे ते यामुळे, तिच्या ‘पकडी’मुळे नव्हे.

आता एक चाचणी, बिनपैशाची. पुढच्या वेळी खेळताना दोन पॉइंट्सच्या मध्ये रॅकेटकडे बघा. उभ्या स्ट्रिंग्ज वाकड्यातिकड्या होऊन तशाच राहिल्यात आणि बोटांनी सरळ कराव्या लागतायत? मग तुमच्या रॅकेटमध्ये परतीची उसळी उरलेली नाही. स्ट्रिंग गेली, पण परत आली नाही. जुने नायलॉनवाले खेळाडू प्रत्येक पॉइंटनंतर बोटं घालून जाळी सरळ करत बसायचे, आठवतंय? पूर्ण पॉलीवाल्यांना ते सहसा करावं लागत नाही.

याच चाचणीवर मित्रांचं हायब्रिड तपासू. उभी पॉली, आडवी मल्टिफिलामेंट. पॉली कडक, मल्टिफिलामेंट म्हणजे मऊ बारीक तंतूंचा जुडगा. पॉली त्यावर करवतीसारखी चालते. काही तासांत आडव्यांत खाचा पडतात, पॉली त्या खाचांत बसते आणि सरकायची थांबते. स्पिन गेला. उरली काय, तर उभी पॉली. जाळीचा स्वभाव ठरवण्यात उभ्यांचा वाटा आडव्यांपेक्षा बराच मोठा, त्यामुळे कोपराला जो धक्का बसायचा तो बसतच राहतो, थोडा बोथट होऊन. स्पिन गमावून अर्धाच आराम मिळवायचा, हा काही फायद्याचा सौदा नाही. अँडी मरे उभी पॉली आणि आडवं नॅचरल गट वापरायचा हे खरं. पण व्यावसायिक खेळाडू नवे चेंडू आले की रॅकेटही नवी घेतात. आपल्याकडे एक गटिंग दिवाळीला केलं की होळीपर्यंत चालतं.

तसं बघितलं तर हायब्रिडचा जन्म हाताच्या काळजीतून झालेलाच नाही. तुटू नये म्हणून तो प्रकार निघाला. अगासी एके काळी उभ्या केव्हलारच्या लावायचा आणि आडव्या नायलॉनच्या. केव्हलार म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात घालतात ते. कडकपणात पॉली त्याच्यापुढे लोण्याची. ते गटिंग वापरून कोपर शाबूत राहिलेल्या हौशी खेळाडूंना माझा नमस्कार.

आता उलटं करून बघा. उभं नॅचरल गट, आडवी गुळगुळीत, गोल, पातळ पॉली. कडकपणाचे आकडे मागच्या वेळी दिलेत : गट इंचाला १०० पाउंडांच्या आसपास, पॉली २०० च्या पुढे. म्हणजे जाळीचा जो भाग जास्त काम करतो तो सगळ्यांत मऊ झाला. आणि गट नुसतं मऊ नसतं, लवचिकही असतं. ताणलं की जोरात परततं. नायलॉनवर घासलं असतं तर अडकलं असतं. पण आता त्याच्या वाटेत आडवी आहे निसरडी पॉली. सरकायला वाट मोकळी आणि परतायला स्वतःचा जोर. फेडरर, जोकोविच, सेरेना तिघेही या बाजूचे, आणि तिघांपैकी कुणाच्या फटक्यात स्पिन कमी होता असं म्हणण्याची हिंमत माझ्यात नाही. पूर्ण ताज्या पॉलीइतका स्पिन मिळेल का? थोडा कमीच. पण तो टिकतो, कारण गट आपलं टेन्शन सांभाळून राहतं. पॉली तुटत नाही, आधीच मरते. टेन्शन भराभर सोडते. मग चेंडू लांब जायला लागतो, आपण मूठ आवळतो, मनगट कडक करतो, आणि बिल कोपराच्या नावावर फाटतं. नाशिककरांच्या कोपराचा खरा गुन्हेगार ५५ पाउंड तर आहेतच, पण ती कित्येक महिन्यांची मेलेली पॉलीही असावी असा मला दाट संशय आहे.

गटाला आपल्याकडे तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला पैशांचा. गटाचा सेट महाग, चार आकड्यांत जातो. पण हायब्रिडला अर्धाच सेट लागतो. दुसरा अर्धा गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून पुढच्या गटिंगला ठेवा. पॉलीचंही तसंच. मग वर्षाचा हिशेब वाटतो तितका वाईट येत नाही, फिजिओथेरपीशी तुलना केली तर अजिबातच नाही.

दुसरा पावसाचा, आणि हा खरा आहे. गट ओलावा पितं, फुगतं, तंतू सुटायला लागतात. वर मेणासारखा लेप असला तरी तो खेळता खेळता घासून जातो. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हिवाळ्यात ते सुखानं राहतं. जुलैत मुंबईला किंवा रत्नागिरीला ओल्या कोर्टावर, ओल्या चेंडूंनी खेळायचं असेल तर गट लावू नका. पावसाळ्यापुरती दुसरी रॅकेट नायलॉनची ठेवा आणि स्पिनची हौस ऑक्टोबरपर्यंत थांबवा.

तिसरा आक्षेप डोंबिवलीच्या एका बाईंनी पूर्वीच लिहून विचारला होता आणि मी तो आजवर टाळत आलो. गट कशाचं असतं? गाईच्या आतड्याच्या बाहेरच्या पातळ पडद्याचं. सुरुवातीला मेंढीचं असायचं. विंगफील्डनं लॉन टेनिसचं पेटंट घेतलं १८७४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या लियाँच्या पिएर बाबोलानं मेंढीच्या आतड्याची स्ट्रिंग केली. म्हणजे खेळाइतकाच हा मालही जुना. पण ज्यांना ते चालत नाही त्यांना चालत नाही, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. त्यांच्यासाठी एक चांगली पळवाट आहे : ॲशवे कंपनीची मोनोगट झेडएक्स. नावात गट असलं तरी प्राण्याचा अंशही नाही. पीक नावाच्या प्लॅस्टिकचा एकच अखंड तंतू. कडकपणा नायलॉनपेक्षा कमी, गटाच्या जवळ जाणारा, आणि पृष्ठभाग निसरडा. उभी ही, आडवी पातळ पॉली. पाऊसही तिला बाधत नाही. चेंडू सुटतानाची गटाची ती सणसणीत उसळी मात्र तिच्यात नाही, हे सांगून ठेवतो.

तर नाशिककरांसाठी नुस्खा. उभं गट १.३० मिलिमीटर, टेन्शन ५२. आडवी गोल, गुळगुळीत पॉली १.२० किंवा १.२५, टेन्शन ४८. चेंडू फार उडतोय वाटलं तर दोन्ही दोन-दोन पाउंडांनी वाढवा, एकदम पाच नको. कंगोऱ्यांची, पाच-सहा कोनांची पॉली आडवी लावू नका. ती गटाला कापत सुटते. फेडरर आडवी ‘रफ’ लावायचा हे मला माहीत आहे, पण त्याला गट कापलं गेल्याची चिंता नव्हती.

एवढं सगळं ऐकून उभी पॉलीच हवी असेल तर नाइलाज. मग निदान मऊ जातीची घ्या, ४५ च्या वर जाऊ नका, आडव्यांना मल्टिफिलामेंटऐवजी एकसंध गाभ्याचं, गुळगुळीत लेपाचं साधं सिंथेटिक गट लावा आणि बारा-पंधरा तास खेळून झाले की न तुटलेली जाळीही कात्रीनं कापून टाका. हे शेवटचं कुणी करत नाही, मला ठाऊक आहे.

गटिंग करणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा. उभ्या आणि आडव्या वेगळ्या तुकड्यांनी बांधायच्या हे त्याला कळेलच, पण मशिनवर पहिलं टेन्शन कोणाचं आणि दुसरं कोणाचं, हे कागदावर लिहून रॅकेटला चिकटवून द्या. आकडे उलटे झाले तर कडक पॉली ५२ वर जाईल. आणि आडवी पॉली विणताना सरसर ओढू नको म्हणावं. घाईनं ओढलेली पॉली घर्षणानं गटाला भाजते, आणि मग ते नेमकं त्याच जागी, पहिल्याच आठवड्यात तुटतं. प्रत्येक आडवी ओढताना ती हातानं खालीवर हलवत, जागा बदलत न्यायची. वेळ जास्त लागतो, त्याचे दहा-वीस रुपये जास्त मागितले तर द्या.

ग्रिपचं पुढच्या आठवड्यात. मध्ये आणखी कुणाचं कोपर दुखलं नाही तर.