माडाच्या झावळीवरील नोंद

माडाखाली उभे राहून वर पाहिले, तर काही झावळ्या कोणी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. कोकणातील मुलांना हे इतके सवयीचे असते, की त्याविषयी प्रश्नच पडत नाही. तो आपण वर्गात मुद्दाम विचारावा.

हे काम गेंड्या भुंग्याचे. चार-पाच सेंटिमीटर लांबीचा, काळा, डोक्यावर शिंग असलेला हा कीटक रात्री माडाच्या शेंड्यातील न उलगडलेल्या कोंबात शिरतो, गाभा चावून रस घेतो आणि चोथा बाहेर टाकतो. कोंबातील पान तेव्हा घट्ट मिटलेले असते. कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घालून एका कडेला चिमटीएवढा तुकडा कापावा आणि कागद उलगडावा. एकाच कापाची नक्षी कशी होते, हे मुलांना लगेच कळते.

म्हणजे कापलेली झावळी ही जुन्या हल्ल्याची नोंद असते. चांगल्या वाढीच्या माडाला महिन्याला साधारण एक नवे पान येते. सर्वांत कोवळ्या उघडलेल्या पानापासून मोजत गेलो, तर चौथे पान सुमारे तीन महिन्यांपूर्वी उलगडले असणार. हल्ला त्याच्याही आधीचा.

आता नुकसानीचा हिशेब. पान कापले गेले, की अन्न तयार करणारे क्षेत्र घटते. पण प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय असते. भुंग्याने न उमललेली पोयच पोखरली, तर तो सबंध घड गेला. शिवाय माडाला फांद्या नाहीत. शेंड्याचा एकुलता कोंब मेला की झाड संपले. लहान रोपांना हा धोका अधिक. भुंग्याने केलेल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तिथे अंडी घालतो. त्याच्या अळ्या आतून खोड खातात. शेंडा कलंडेपर्यंत बागाईतदाराला बहुधा पत्ताही लागत नाही.

गंमत अशी, की गेंड्या भुंग्याची अळी माडाला तोंडही लावत नाही. ती शेणखतात आणि कुजलेल्या लाकडात वाढते. एका बागेत दरवर्षी गडी माडावर चढवून, तारेच्या आकड्याने भुंगे काढून, पानांच्या बगलांत वाळू व निंबोळी पेंड भरली जात होती. उपाय योग्यच, तरी भुंगे हटेनात. आम्ही बागेच्या कडेचा खताचा खड्डा उकरला, तर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या ओंजळीने निघाल्या. अळी तीन-चार महिने तिथेच असते. तेवढ्या अवधीत खत एकदोनदा उलथले आणि अळ्या वेचल्या, तर भुंगा माडापर्यंत पोचतच नाही. पण भुंगा उडतो. शेजाऱ्याचा खड्डाही आपलाच समजावा लागतो. जून 2020 च्या ‘निसर्ग’ वादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असंख्य माड आडवे झाले. अशी खोडे कुजत राहिली, तर ती भुंग्यांची पाळणाघरेच होत.

पॅसिफिकमधील सामोआ बेटांवर हा भुंगा 1909 मध्ये सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर पोचला आणि त्याने माड उद्ध्वस्त केले. 1963 मध्ये ह्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलायात या भुंग्याचा एक विषाणू सापडला. 1967 पासून तो सामोआत सोडल्यावर उपद्रव पुष्कळच ओसरला. आपल्याकडे लक्षद्वीपमध्येही तो वापरला गेला. मात्र 2007 मध्ये ग्वाम बेटावर या विषाणूला दाद न देणारे भुंगे आढळले. तिथे पुन्हा पडलेली खोडे उचलण्याचेच काम हाती घ्यावे लागले.