कुणासाठी थांबायचं?

ऑक्टोबर २०२२ संपत आला होता आणि फेडोरा लिनक्सची ३७वी आवृत्ती बाहेर पडण्याच्या बेतात होती. तेवढ्यात ओपनएसएसएल या लायब्ररीच्या मंडळींनी जाहीर केलं, की एका अतिगंभीर सुरक्षा-त्रुटीवरची दुरुस्ती १ नोव्हेंबरला येते आहे. त्रुटी कोणती, हे गुलदस्त्यातच. तरी फेडोराने प्रकाशन १५ नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकललं. प्रत्यक्षात त्रुटी उघड झाली तेव्हा ती 'अतिगंभीर'वरून एक पायरी खाली आली होती.

एका पॅकेजपायी अख्खी सिस्टीम अडवून धरायची, हे चमत्कारिक वाटेल. पण इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवायला असंख्य प्रोग्राम याच लायब्ररीवर विसंबून असतात.

कशासाठी थांबायचं, याचे निकष फेडोराकडे आधीच लिहिलेले असतात. फेडोराचा 'वर्कस्टेशन' हा प्रकार नेहमीच्या पद्धतीने बसवल्यावर मेनूतला प्रत्येक प्रोग्राम उघडला पाहिजे आणि त्याची प्राथमिक कामं झाली पाहिजेत. मात्र एक्सएफसीई या डेस्कटॉपमध्ये काही बिघडलं, तर प्रकाशन अडत नाही.

डेबियन या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमचा पसारा याहून अवघड. २०२३च्या 'बुकवर्म' आवृत्तीत ६४,४१९ पॅकेजं होती आणि ती सांभाळणारे स्वयंसेवक. सगळ्यांसाठी थांबायचं म्हटलं तर मुहूर्त कधीच लागणार नाही. जुलै २००२च्या 'वुडी' आवृत्तीनंतर पुढची 'सार्ज' यायला जून २००५ उजाडला होता.

आता तिथे नियम कडक आहे. पॅकेजमध्ये प्रकाशन अडवण्याइतका गंभीर बग निघाला आणि तो वेळेत दुरुस्त झाला नाही, तर ते पॅकेज पुढच्या आवृत्तीच्या यादीतून आपोआप गळतं. त्याच्यावर अवलंबून असलेलीही सोबत जातात. यातून सुटका फक्त 'की पॅकेजेस'ची. इन्स्टॉलर आणि मूळ सिस्टीमला लागणारी पॅकेजं त्यात येतात. पुष्कळ लोक वापरतात तीही येतात; हा अंदाज वापरकर्त्यांनी स्वखुशीने पाठवलेल्या माहितीवरून बांधला जातो. शिवाय या सगळ्यांची बांधणी करायला जे लागतं तेही. त्यामुळे कुणी नावही न ऐकलेली एखादी लायब्ररी अचानक अत्यावश्यक ठरते.

अशा पॅकेजला वगळता येत नाही. मग दुसरा कुणी डेव्हलपर पुढे होऊन दुरुस्ती करतो, नाहीतर प्रकाशन-चमू त्या बगवर 'या आवृत्तीपुरतं दुर्लक्ष' असा शिक्का मारतो. बाकीच्या पॅकेजांची ये-जा मात्र चालूच असते: 'बुकवर्म'च्या वेळी कालबाह्य ठरवून काढलेली पॅकेजं ६,२९६ होती, नव्याने आलेली ११,०८९.