सदाफुली : घरगुती अभिवृद्धीची तंत्रे व त्यांमागील वनस्पतिशास्त्र

सदाफुली ही मूळची मादागास्कर बेटावरील वनस्पती होय. उष्ण प्रदेशांत ती इतकी रुळली आहे, की महाराष्ट्रात तिला परकी म्हणणे कोणास सुचत नाही. लिनिअसने १७५९ मध्ये तिला ‘विंका रोझिया’ असे नाव दिले. पुढे तिचा समावेश ‘कॅथरँथस’ या प्रजातीत झाला, तथापि रोपवाटिकांच्या फलकांवर आजही ‘विंका’ हेच नाव आढळते. कण्हेर व चाफा ही तिच्याच कुळातील झाडे.

या वनस्पतीच्या बाबतीत एक विसंगती नेहमी दिसते. भिंतीच्या भेगेत कोणीही न लावलेली सदाफुली ऐन वैशाखात फुललेली असते आणि कुंडीत निगुतीने जोपासलेली मात्र पहिल्याच पावसाळ्यात मान टाकते. यामागील कारण मुळांशी आहे. तिच्या सोटमुळास पाण्याइतकीच हवेची गरज असते. माती सतत ओली राहिल्यास मुळांभोवतीचा प्राणवायू घटतो, बुरशीचा शिरकाव होतो व मूळ कुजते. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नसल्याने पाने कोमेजतात. ती पाहून पाणी कमी पडले असा समज होतो व आणखी पाणी घातले जाते. बहुसंख्य रोपे दगावतात ती अशा मायेपोटी. अभिवृद्धीचा विचार करताना हे सूत्र प्रथम ध्यानी घेणे आवश्यक ठरते.

बियांपासून रोपे करणे हा सर्वांत सोपा मार्ग. परागीभवनानंतर फुलाच्या जागी बारीक शेंगांसारख्या फळांची जोडी धरते. फळ पक्व होताच उकलते व मोहरीहून लहान अशा काळ्या बिया खाली सांडतात. भेगांतील रोपांचे मूळ येथेच आहे. म्हणून फळ हिरवे सोडून पिवळसर होऊ लागताच ते खुडून कागदी पाकिटात ठेवावे. ते आतच उकलते. बिया सावलीत वाळवून पेराव्यात. येथे पुष्कळांच्या लक्षात न येणारी बाब अशी, की सदाफुलीच्या बीजांकुरणास प्रकाश बाधक ठरतो. बारीक बी मातीवर नुसते भुरभुरण्याची बागकामातील सवय या ठिकाणी उपयोगाची नाही. बी सुमारे अर्धा सेंटिमीटर मातीने झाकावे, अथवा अंकुर दिसेपर्यंत कुंडीवर पुठ्ठा ठेवावा. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात एक ते दोन आठवड्यांत अंकुर वर येतात. त्यानंतर मात्र त्यांना भरपूर उजेड व बेताचे पाणी द्यावे. दोन-तीन पानजोड्या आल्यावर रोप मुळांभोवतीच्या मातीसह हलवावे, कारण सोटमूळ दुखावल्यास वाढ खुंटते.

बियांच्या मार्गाची मर्यादाही आहे. संकरित वाणाच्या बियांतून मातृवृक्षासारखीच संतती येईल याची शाश्वती नसते. वेगवेगळ्या रंगांची झाडे शेजारी असल्यास फुलपाखरे व पतंग परागांची सरमिसळ करतात. एखादा विशिष्ट रंग टिकवायचा असेल तर छाटकलमाचाच अवलंब करावा लागतो.

त्यासाठी निरोगी झाडाच्या कोवळ्या परंतु लुसलुशीत नसलेल्या फांदीचा ८ ते १० सेंटिमीटर लांबीचा शेंडा पेराच्या किंचित खाली धारदार पात्याने कापावा. खालची पाने काढून टाकावीत. फुले व कळ्याही खुडाव्यात. त्या ठेवण्याचा मोह होतो, परंतु मुळांसाठी लागणारे अन्न त्या ओढून घेतात. शेंड्याकडे तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली वाहत येऊन कापाजवळ साठते व तेथे नवी मुळे फुटण्यास चालना देते. त्यामुळे बाजारातील मुळे फुटण्याची पूड वापरल्यास साहाय्य होते, तथापि ती अनिवार्य नाही. कापातून येणारा चीक सुकू द्यावा आणि मग छाट जाड वाळू व नारळाच्या काथ्याचा भुसा यांच्या ओलसर मिश्रणात खोचावी. मुळे नसलेल्या छाटेतून पानांवाटे पाणी उडून जाऊ नये म्हणून वर प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला भाग पालथा घालावा व दिवसातून एकदा हवा खेळू द्यावी. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. पावसाळ्याच्या आरंभीची दमट हवा या कामास अनुकूल असते, मात्र कुंडी वळचणीला नव्हे, तर पाऊस न लागणाऱ्या छपराखाली असावी.

छाटकलमात मातृवृक्षाच्या गुणांसह त्याचे रोगही पुढे जातात. पाने बारीक, फांद्या झुपकेदार व फुलांच्या जागी हिरव्या पाकळ्या दिसू लागल्यास तो फायटोप्लाझ्माजन्य पर्णपुष्प रोग समजावा. तुडतुडे त्याचा प्रसार करतात. प्रयोगशाळांत हे सूक्ष्मजीव अभ्यासासाठी सदाफुलीवरच वाढविले जातात, इतकी ती त्यांना बळी पडते. अशी ‘हिरवी फुले’ नवलाईची म्हणून जपली जातात, हे घातक आहे. घरगुती इलाज नसल्याने असे झाड मुळासकट उपटून नष्ट करावे.

सदाफुलीची पाने मधुमेहावर चघळण्याचा प्रघातही येथे विचारात घ्यावा लागतो. कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी याच समजुतीची तपासणी करताना उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे पाहिले. त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले व पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. ही अल्कलॉइडे पानांत अत्यल्प असतात व औषध म्हणून शुद्ध करून, मोजून, शिरेवाटे दिली जातात. घरच्या पानातील त्यांचे व इतर विषारी घटकांचे प्रमाण कोणासही ठाऊक नसते. म्हणून पाने पोटात घेऊ नयेत, छाटणीनंतर हात धुवावेत व छाटलेला पाला शेळ्या-गुरांपुढे टाकू नये.