पट्टदकल : नऊ मंदिरं पाहून परत फिरू नका, दहावं रस्त्यातच आहे!

बदामीला जाणारे बहुतेक पर्यटक पट्टदकलसाठी जेमतेम दोन तास ठेवतात. बदामीपासून सुमारे २२ किलोमीटरवर, मलप्रभा नदीच्या काठी असलेलं हे स्थळ १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नऊ हिंदू मंदिरं आणि एक जैन मंदिर. गोंधळ होतो तो या शेवटच्या मंदिराबाबत. ते मुख्य आवारात नाही, बदामीच्या रस्त्याला आहे. गाडी त्याच्या जवळून जाते आणि कुणी थांबत नाही!

आवारात काय पाहाल?

आधी शिखरं पाहा. गलगनाथाचं शिखर उत्तरेकडच्या नागर शैलीतलं, वर निमुळतं होत जाणारं. शेजारीच विरूपाक्षाचं दक्षिणी, द्राविड पद्धतीचं मजल्यामजल्यांचं शिखर. दोन्ही शैली इतक्या जवळजवळ क्वचितच दिसतात.

विरूपाक्ष मंदिर आठव्या शतकात राणी लोकमहादेवीने बांधवलं. तिचा पती, चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाची ही आठवण. शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या बहिणीचं, म्हणजे त्रैलोक्यमहादेवीचं. विशेष म्हणजे विरूपाक्षाच्या मुख्य स्थपतीचं नावही शिलालेखात आहे : गुंड अनिवारिताचारी. हा लेख नदीकडच्या पूर्व दरवाजावर आहे. पर्यटक येतात रस्त्याच्या बाजूने, त्यामुळे तो बघायचा राहून जातो. इथे आजही पूजा होते. थोड्या अंतरावरच्या पापनाथाच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग कोरले आहेत.

आणि दहावं?

जैन मंदिर नवव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं. तोवर चालुक्यांची सत्ता गेली होती. नक्षी कमी, गर्दी त्याहून कमी. मंडपात दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, ते चुकवू नका. याच राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास लेणं खोदवलं. कैलास पाहिलेल्यांना विरूपाक्षात ओळखीच्या खुणा सापडतील : दरवाजा, नंदीमंडप, सभामंडप आणि विमान एका रेषेत.

नदीची भीती का?

मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, सह्याद्रीत. तिथे पाऊस वाढला की सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणातून पाणी सोडावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी थेट मंदिरांच्या आवारात शिरलं होतं. ही मंदिरं वालुकाश्माची आहेत. ओल झिरपणं आणि पुन्हा वाळणं या चक्रात हा दगड पापुद्र्यांसारखा सुटत जातो. खालच्या थरातल्या शिल्पांना त्याचा धोका सर्वाधिक.

सोलापूर–गदग रेल्वेमार्गावर बदामी स्टेशन आहे, तिथून पुढे रस्ता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यातच जायचं असेल, तर धरणाच्या विसर्गाची बातमी पाहून निघा.