यंत्रणा आणि धोरण : जुन्या संगणकांवरील एक्स विंडो सिस्टिम

संगणकाच्या पडद्यावर एकावर एक सरकणाऱ्या खिडक्या आता इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्या कोण काढतो हा प्रश्नच पडत नाही. युनिक्स आणि लिनक्सच्या जगात कित्येक वर्षे हे काम प्रामुख्याने एक्स विंडो सिस्टिमने केले. अडगळीत गेलेले जुने संगणक घेऊन त्यांवर ही प्रणाली मूळ सोर्स कोडपासून बांधण्याचा मला नाद आहे. त्यातून एक गोष्ट मला पटली आहे. ही प्रणाली टिकली, त्यात तिने केलेल्या कामांइतकाच तिने अंगावर न घेतलेल्या कामांचाही वाटा आहे. आपल्या देवनागरीचा प्रश्न सुटला, तोही त्याच वाटेने.

१९८४ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्सची सुरुवात केली. प्रोजेक्ट अथेना या उपक्रमात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका जाळ्यात आणायची होती. स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘डब्ल्यू’ नावाची विंडो प्रणाली आधीच तयार झाली होती. तिच्या आधारे नवी घडली, म्हणून वर्णमालेतले पुढचे अक्षर तिला मिळाले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि मूळ नियमावलीचा आकडा आजही अकराच आहे.

तिचे सूत्र साधे होते : यंत्रणा पुरवायची, धोरण लादायचे नाही. पडदा, कळफलक आणि माउस सांभाळतो तो सर्व्हर. त्याच्याकडे चित्र काढून मागणारा प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट. खिडकीची चौकट कशी दिसावी, बटण कुठे असावे, हे सर्व्हर ठरवत नाही. त्यासाठी वेगळा विंडो मॅनेजर असतो. क्लायंट दुसऱ्या यंत्रावरही चालू शकतो. त्यामुळे दुबळ्या यंत्राने नुसता पडदा सांभाळावा आणि जड काम शेजारच्या दणकट यंत्राने करावे, अशी वाटणी जमते.

जुन्या यंत्रावर पहिली गाठ पडते ती ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीशी. कार्डावर १ एमबी मेमरी असेल, तर १०२४ बाय ७६८ बिंदूंच्या पडद्यासाठी प्रत्येक बिंदूला एकच बाइट परवडतो, म्हणजे फक्त २५६ रंग. ६५,५३६ रंग हवे असतील तर बिंदूमागे दोन बाइट लागतात. मग ८०० बाय ६०० वर उतरावे लागते. त्याला ९,६०,००० बाइट पुरतात.

दुसरी गाठ मॉनिटरची. जुन्या काचेच्या मॉनिटरसाठी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘मोडलाइन’ ही नऊ आकड्यांची ओळ लिहावी लागे. १०२४ बाय ७६८ साठी ६५ मेगाहर्ट्‌झचा ठोका घेतला, तर एका आडव्या ओळीत १३४४ ठोके आणि एका चित्रात ८०६ ओळी बसतात. दिसणाऱ्या बिंदूंपेक्षा हे आकडे मोठे आहेत, कारण इलेक्ट्रॉनच्या झोताला ओळीच्या टोकाहून परत यायला वेळ द्यावा लागतो. ६५ मेगाहर्ट्‌झला १३४४ ने भागले की सुमारे ४८.४ किलोहर्ट्‌झ हा आडवा वेग निघतो. मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेतील कमाल मर्यादा याहून कमी असेल, तर ती ओळ वापरू नये. जुना मॉनिटर त्याने खरोखर बिघडू शकतो.

बांधणीची पद्धत २००५ च्या अखेरीस बदलली. त्याआधी सगळा कोड एकाच झाडात असे आणि ‘मेक वर्ल्ड’ या एका आज्ञेने तो बांधला जाई. एक्स-डॉट-ऑर्गच्या ७.० आवृत्तीत त्याचे सुटे भाग झाले. आधी नियमावलीच्या हेडर फाइली, मग लायब्ररी, मग सर्व्हर, शेवटी ड्रायव्हर, असा क्रम पाळावा लागतो. बांधलेले सारे एका स्वतंत्र डिरेक्टरीत बसवावे, म्हणजे चालू प्रणालीला धक्का लागत नाही. नवीनतम आवृत्तीचा मोह मात्र टाळावा. २०१२ च्या १.१३ या सर्व्हरमधून चित्रे वेगाने काढण्याची जुनी सोय वगळली गेली. जुन्या कार्डांना त्याआधीची आवृत्तीच मानवते.

आता देवनागरीकडे वळू. मूळ व्यवस्थेत प्रोग्रॅम अक्षरांचे क्रमांक पाठवी आणि सर्व्हर तयार ठसे एकापुढे एक मांडी. इंग्रजीला तेवढे पुरे होते. ‘कि’मधली वेलांटी मात्र साठवताना ‘क’नंतर येते आणि दिसते त्याच्या आधी. ‘अर्क’मधला ‘र’ रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ‘क्ष’मध्ये दोन व्यंजने एकजीव होतात. सर्व्हरला यातले काही ठाऊक नव्हते. २००० च्या सुमारास कीथ पॅकर्ड यांच्या पुढाकाराने ‘रेंडर’ ही जोडणी आली आणि अक्षरांचे आकार प्रोग्रॅमने तयार करायचे, सर्व्हरने ते फक्त पडद्यावर उमटवायचे, अशी नवी वाटणी रुळली. जोडाक्षरांचे नियम पँगो आणि हार्फबझ या लायब्ररींनी सांभाळले. १९८७ ची नियमावली न मोडता हे साधले, कारण लिपीचे धोरण तिने मुळात स्वतःकडे घेतलेच नव्हते.

म्हणूनच एखाद्या जुन्या संगणकावर मराठी विस्कटलेली दिसली, तर दोष यंत्राला देण्याआधी कोणता प्रोग्रॅम ती दाखवतो आहे ते पाहावे. एक्सटर्म अक्षरे चौकटी आखून मांडतो, तिथे जोडाक्षरे तुटतात. त्याच यंत्रावर पँगो वापरणाऱ्या संपादकात तोच मजकूर नीट उमटतो. रेड हॅटने २०२५ च्या दहाव्या आवृत्तीतून एक्सचा सर्व्हर काढून टाकला आहे आणि नव्या यंत्रांसाठी वेलँडचा मार्ग रुळतो आहे. जुन्या यंत्रांना मात्र एक्सचाच आधार आहे. केवळ पत्रे आणि लेख लिहिण्यासाठी हवा असलेला संगणक ‘यावर मराठी येत नाही’ म्हणून भंगारात निघाला असेल, तर एवढी तपासणी आधी करावी. बहुतेक वेळा कमतरता दोन-तीन लायब्ररींची असते.