कंबर धरली म्हणून सुई टोचून घ्यावी का?

भाताची लावणी, उसाची मोळी आणि पाठीवरचा पंधरा-सोळा लिटरचा फवारणी पंप या तिन्हींनी कंबरेचे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. उसण भरली की आपल्याकडे आधी पायाळू माणूस शोधतात आणि त्याची लाथ कमरेला लावून घेतात. तेवढ्याने भागले नाही तर बिब्बा, नाहीतर तापल्या सळईचा डाग. आणि हल्ली या सगळ्याच्या आधी दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी. ती रोज उपाशीपोटी घेणारे प्रत्येक वाडीवर सापडतील. पोटात जखमा होणे, मूत्रपिंड बिघडणे हे तिचे परिणाम लगेच दिसत नाहीत एवढेच. याच जातीतले डायक्लोफेनॅक दिलेली गुरे मेल्यावर ती खाऊन गिधाडे संपली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. माणूस गिधाड नव्हे हे खरे, पण गोळी काही पेंड नव्हे की रोज खावी.

म्हणूनच अ‍ॅक्युपंक्चरची शिबिरे गावोगाव भरू लागली की लोक रांग लावतात. ही विद्या चीनची, दोन हजार वर्षांहून जुनी. सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची, म्हणजे घोंगडीच्या दाभणापुढे केसच म्हणा ना. तिच्यातून औषध आत जात नाही. टोचताना मुंगी चावल्यासारखे होते, मग त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. वीस-तीस मिनिटे सुया तशाच ठेवून काढून घेतात.

अंगातून 'छी' नावाची प्राणशक्ती ठराविक वाटांनी वाहते आणि त्या वाटा सुईने मोकळ्या होतात, असे चिनी वैद्य सांगत आले. शरीर फाडून पाहिले तर अशा वाटा सापडत नाहीत. पण सुईने स्नायूतल्या नसा चाळवल्या जातात आणि मेंदू व मणक्यात शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये, म्हणजे एंडॉर्फिन, सुटतात असे १९७० नंतरच्या संशोधनात दिसून आले.

आता गुण किती येतो ते बघू. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली आले. सहा महिन्यांनी ठरलेल्या जागी सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना चांगला उतार पडला होता. नेहमीची औषधे आणि व्यायाम घेणाऱ्यांत हा आकडा २७ टक्के. पण गंमत पुढे आहे. तिसऱ्या गटाला मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या होत्या, त्यांतल्याही ४४ टक्क्यांना आराम वाटला! म्हणजे सुईचा उपयोग होतो, पण नेमक्या बिंदूचे माहात्म्य सांगतात तेवढे दिसत नाही. त्या देशाने २००७ पासून जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोन दुखण्यांसाठी विम्यातून खर्च देणे सुरू केले. इंग्लंडच्या तज्ज्ञांनी मात्र २०१६ साली कंबरदुखीसाठी ती देऊ नये असा सल्ला दिला. तज्ज्ञांतच असे दोन तट असताना 'शंभर टक्के गॅरंटी' लिहिलेला फलक दिसला की तिथून उठावे हे बरे. मधुमेह, लकवा, मूल न होणे असे सगळेच सुईने बरे करतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा.

आपल्याकडे ही विद्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आणली असे बरेच जण समजतात. कोटणीस १९३८ साली चीनला गेले ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणून, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांच्या पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, सुया शिकले आणि इकडे रुजवल्या. कोटणीसांचे नाव या उपचाराला चिकटले ते बसूंच्या मैत्रीमुळे.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनो, ग्रामपंचायतीचे सभागृह शिबिराला देण्याआधी दोन गोष्टी विचारा. महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखालची नोंदणी दाखवायला सांगा. केंद्रानेही २०१९ मध्ये ही पद्धत मान्य केली आहे, त्यामुळे 'आमच्या विद्येला कागद लागत नाही' ही सबब चालणार नाही. दुसरे, सुया बंद पाकिटातल्या आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. एकाची सुई दुसऱ्याला लागली तर कावीळ ब आणि एचआयव्ही दोन्हींचा धोका. वापरलेल्या सुया टोक बाहेर न येणाऱ्या डब्यात घालून परत नेल्या पाहिजेत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. उकिरड्यावर टाकलेली सुई उद्या खत भरणाऱ्याच्या हातात घुसते.

आणि तुम्ही स्वतः टोचून घेणार असाल तर रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पोटुशी आहात का, छातीत पेसमेकर आहे का, हे आधी सांगा. छातीवर-पाठीवर खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते, म्हणून शिकाऊ हात तिथे नको. कंबरदुखीबरोबर लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली तर शिबिराची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दुखण्यासोबत ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो, त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. यातले काही नसेल आणि दुखणे जुनेच असेल तर पाच-सहा वेळा टोचून बघायला हरकत नाही. तेवढ्यात फरक पडला नाही तर पुढचे पैसे भरू नका, आणि टोचणाराने सांगितले तरी बीपीची, साखरेची गोळी बंद करू नका.